माळ्यावरची मराठी

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या राजधानीत देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि १८०६ साली त्यातून ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापून काढलं. त्याला दोनशेहून अधिक वर्षं लोटली. तरी बालबोध वाचता येणाऱ्या कुणाच्याही हाती त्यातलं पान द्या, तो वाचू लागेल. त्यासाठी उजेड आणि डोळे एवढंच लागतं.

त्याच तंजावरी मराठी मंडळींच्या एका घरात, चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये, १९९८ साली संगणकावर टाईप केलेला मराठी मजकूर मात्र अलीकडेपर्यंत कुणालाही वाचता येत नव्हता. फ्लॉपी शाबूत होती, फाईलही होती. उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरं, पौंडाची खूण, युरोपीय भाषांतली टिंबं आणि टोप्या यांचा नुसता काला दिसायचा. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, की यात आजोबांनी लिहिलेलं आहे. काय लिहिलंय, ते कळायला मार्ग नव्हता.

मी पुण्यात डीटीपीच्या धंद्यात उमेदवारी केली आणि नंतर नोकरीनिमित्त चेन्नईला आले. बटर पेपरवर पानं काढण्याच्या काळापासून मराठी फॉन्टचे सगळे खेळ पाहिलेले असल्यामुळे या घराचा माळा उपसायचं काम माझ्याकडे आलं. ते करताना जे दिसलं ते एका घरापुरतं राहिलं नाही. १९८५ ते २००८ या काळात मराठीत जे जे संगणकावर लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं आज याच अवस्थेत पडून आहे. दिवाळी अंकांची जुनी पानंसुद्धा त्यात आली.

तळ्याकाठचं घर

मांबलम स्टेशनच्या पूर्वेला टी. नगर, म्हणजे रंगनाथन स्ट्रीट आणि साड्यांची खरेदी. रुळांच्या पश्चिमेला वेस्ट मांबलम. इथे पहाटे कोलम रेखलेले उंबरे, फिल्टर कॉफीचा वास, पूजासाहित्याची दुकानं, वेदपाठशाळा आणि आर्य गौडा रोडवरचा १९५४ सालचा अयोध्या मंडपम. जवळच्या एका रस्त्याचं नाव लेक व्ह्यू रोड आहे, पण तिथून तळं दिसत नाही. मांबलमचं मोठं तळं १९२० च्या दशकात उपसून त्या जागेवर टी. नगर वसवलं गेलं. पाणी मात्र आपली जागा विसरत नाही. नोव्हेंबर २०२१ च्या पावसात या भागातले रस्ते दिवसच्या दिवस तुंबले होते. म्हणून इथल्या घरांत जपायच्या वस्तू माळ्यावर जातात. तिथे पाणी पोचत नाही, पण दमट हवा पोचते. फ्लॉपीच्या चकतीवर पांढुरके ठिपके दिसू लागले, की ती बुरशी समजावी. तशी फ्लॉपी पुसल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घातली तर ती स्वतः जातेच, शिवाय ड्राइव्हचं हेडही खराब करते आणि पुढची प्रत्येक फ्लॉपी खरवडली जाते.

या घरातले आजोबा रेल्वेत नोकरीला होते. घरात बोलायची भाषा मराठी, तंजावरकडची, बाजारात तमिळ, कचेरीत इंग्रजी. अशा पुष्कळ कुटुंबांत मराठी तोंडी टिकली, पण लिहायची झाली की तमिळ अक्षरांत लिहिली जाते. आजोबांना देवनागरी येत होती. निवृत्तीनंतर त्यांनी घरातले कुळाचार, सणावारांचे पदार्थ, बायकांच्या तोंडी असलेल्या ओव्या, पिढ्यांची नावं आणि आपल्या बोलीतले शब्द संगणकावर उतरवून घेतले. ते गेले. त्यांच्या सूनबाईंना घरात सगळे अक्का म्हणतात. अक्कांनी माळ्यावरून खोका उतरवला तेव्हा त्यात तीन काळांतलं संगणकाचं सामान एकत्र निघालं: कॅसेटवर चालणारा एक संगणक, डॉसच्या काळातल्या फ्लॉप्या, आणि विंडोज ९८ चा एक सीपीयू.

पुण्याहून आलेला पहिला संगणक

कॅसेटवाला संगणक पुण्याचा होता. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने इंग्लंडमध्ये एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला. १९८४ साली त्याची स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती आली. परदेशी वस्तूंवर जबर आयातशुल्क असण्याच्या त्या काळात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने हाच संगणक ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतात विकला. ४८ किलोबाइट स्मृती, पडद्यासाठी घरचा टीव्ही आणि साठवणीसाठी घरचाच टेपरेकॉर्डर. मध्यमवर्गीय घराला परवडणारा हा संगणक होता आणि आज पन्नाशी-साठीत असलेल्या कित्येक मराठी अभियंत्यांनी पहिली बेसिकची ओळ त्याच्या कळांवर लिहिली.

कॅसेटवर माहिती आवाजाच्या रूपात असते. आधी साधारण पाच सेकंद एकसुरी शिट्टी, मग किरकिर. त्या किरकिरीत शून्य म्हणजे आखूड ठोके आणि एक म्हणजे त्याच्या दुप्पट लांबीचे ठोके. सेकंदाला सरासरी दीड हजार बिट या वेगाने पूर्ण स्मृती भरायला चार मिनिटांच्या आसपास लागतात. टेप जराशी ताणली गेली असेल, हेड किंचित तिरकं असेल, की ‘टेप लोडिंग एरर’ ठरलेली. जुन्या कॅसेट सोडवायची रीत अशी: चांगला टेपरेकॉर्डर घ्यायचा, बारीक स्क्रूड्रायव्हरने हेडचा कोन आवाज कणीदार होईपर्यंत जुळवायचा, आणि ती किरकिर लॅपटॉपवर ध्वनिफाईल म्हणून नोंदवून घ्यायची. मग ठोके मोजून त्यांचे बाइट करणाऱ्या मोफत साधनांनी तिची टॅप किंवा टीझेडएक्स फाईल बनवायची. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो. तो जुळला, की मजकूर बरोबर आला असं मानायला हरकत नाही.

ही फाईल चालवायला इम्युलेटर लागतो. इम्युलेटर म्हणजे आजच्या संगणकाला जुन्या संगणकासारखं वागायला लावणारा प्रोग्राम. स्पेक्ट्रममधला झेड-८० हा प्रोसेसर ज्या ज्या आज्ञा जाणतो, त्या सगळ्या तो एकेक करून पाळतो. तेवढाच वेळ घेतो, पडद्याची कडही तशीच निळ्या-पिवळ्या पट्ट्यांनी लहरवतो. स्पेक्ट्रमसाठी ‘फ्यूज’सारखे इम्युलेटर मोफत मिळतात. संगणकाच्या आत कोरलेला १६ किलोबाइटचा मूळ प्रोग्राम हा मालकी हक्काचा विषय होता. सिंक्लेअरचा हा धंदा १९८६ मध्ये विकत घेणाऱ्या अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने १९९९ साली तो इम्युलेटरबरोबर वाटायला परवानगी दिली, आणि त्यामुळे स्पेक्ट्रमवरचं सगळं जग आज जिवंत आहे. एका कंपनीने वेळेवर दिलेल्या परवानगीने किती साधतं, याचं हे उत्तम उदाहरण.

आजोबांच्या कॅसेटवर एक छोटा बेसिक प्रोग्राम निघाला. स्पेक्ट्रमवर वापरणाऱ्याला स्वतःची २१ चिन्हं घडवता येतात. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसवायचं आणि त्याच्या आठ ओळींसाठी आठ आकडे द्यायचे. कॅसेटवरचा एक संच असा होता: २५५, ६६, ६६, ६६, १२६, १९४, १९४, २. चौकटीच्या कागदावर हे आकडे ठिपक्यांत मांडून पाहा. २५५ म्हणजे आठही ठिपके पेटलेले, ती झाली शिरोरेषा. मग दोन उभ्या रेघा, मधला आडवा दांडा, डावीकडची गाठ आणि उजवीकडे खाली उतरणारा काना. म तयार झाला. घरात बसून एका रेल्वे कर्मचाऱ्याने टीव्हीच्या पडद्यावर मराठी अक्षर उमटवलं होतं.

पण २१ घरांत मराठी मावत नाही. स्वर, व्यंजनं, काना-मात्रा-वेलांट्या, जोडाक्षरं, रफार, अनुस्वार, सगळं कुठे बसवणार? पुढच्या वीस वर्षांची मराठी संगणनाची सगळी धडपड या एकाच अडचणीशी झाली: घरं थोडी, अक्षरं फार.

एक बाइट, दोन लिप्या

या अडचणीचं शहाणपणाचं उत्तर भारतातच निघालं होतं. आयआयटी कानपूरला प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय लिप्यांच्या संगणनाचं काम सुरू झालं, आणि ते पुढे नेणारे मोहन तांबे हे तंत्र घेऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. तिथून जिस्ट कार्ड निघालं. संगणकात ते बसवलं, की इंग्रजीसाठी बनवलेल्या डॉसच्या प्रोग्रामांतही देवनागरी लिहिता यायची. त्यामागचं अक्षरांचं कोष्टक म्हणजे इस्की. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली ते आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण मानलं.

इस्कीची मांडणी पाहिली की आजही मन भरून येतं. आपल्या बहुतेक लिप्या ब्राह्मीच्या लेकी, वर्णमाला एकच, म्हणून कोष्टकही एकच. क म्हणजे १७९. हा १७९ देवनागरीत दाखवायला सांगितला तर क दिसतो, तमिळमध्ये सांगितला तर तमिळ क दिसतो. ‘मामा’ हा शब्द इस्कीत २०४, २१८, २०४, २१८ असा साठवला जातो. आकडे तेच ठेवून लिपी बदलली, की वेस्ट मांबलमच्या दुकानाच्या पाटीवर असतो तसा तमिळ ‘मामा’ पडद्यावर येतो.

आजोबांच्या फ्लॉप्यांत काही मजकूर इस्कीत होता आणि तो सोडवणं सर्वांत सोपं गेलं. आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड या अक्षरांच्या कोष्टकातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतलेली आहे, त्यामुळे ते जवळजवळ घरासमोर घर असं रूपांतर होतं. आधी साडेतीन इंची फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हला लावून तिची जशीच्या तशी प्रतिमा काढून घेतली. हा नियम कधी मोडू नये: मूळ फ्लॉपीवर काम करायचं नाही, तिची प्रतिमा काढायची आणि पुढचं सगळं त्या प्रतिमेवर करायचं. सव्वापाच इंची फ्लॉप्यांना यूएसबी ड्राइव्ह चालत नाहीत. त्यांच्यासाठी जुना ड्राइव्ह आणि ‘ग्रीसवीझल’सारखं चुंबकीय लहरी थेट वाचणारं छोटं सर्किट लागतं. असे जुने ड्राइव्ह चेन्नईत रिची स्ट्रीटवर शोधावे लागतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर.

डॉसचे प्रोग्राम चालवायला ‘डॉसबॉक्स’ आहे. २००२ पासून तो मोफत मिळतो. आपल्या डिस्कवरचा एखादा फोल्डर ‘सी’ म्हणून जोडून दिला, की काळ्या पडद्यावर तो जुना ठोकळा लुकलुकू लागतो. आजोबांची इंग्रजी पत्रं वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्राममध्ये होती. वर्डस्टारची एक खोड होती. शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आकडा तो १२८ ने वाढवून ठेवायचा, ओळी जुळवायला त्याला ती खूण लागे. म्हणून साध्या संपादकात ती फाईल उघडली की प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर विचित्र दिसतं. इंग्रजी ‘ई’चा १०१ तिथे २२९ होऊन बसलेला असतो. १२७ च्या वरच्या प्रत्येक आकड्यातून १२८ वजा केले, की पत्र स्वच्छ. मराठीला मात्र हा उपाय चालत नाही, कारण इस्कीची सगळी भारतीय अक्षरं १२८ च्या वरच राहतात. मराठी फाईलवर कुणी उत्साहाने हा झाडू फिरवला, तर सगळं लिखाण एका फटक्यात नाहीसं होईल. फाईल कशातली आहे हे ओळखल्याशिवाय तिला हात लावू नये.

फॉन्टच्या कुलपात

खरी गाठ पडली ती विंडोज ९८ च्या सीपीयूत. इथे आजोबांचं मुख्य काम होतं, पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये मांडलेलं, बाजारात मिळणाऱ्या एका देवनागरी फॉन्टमध्ये टाईप केलेलं.

नव्वदच्या दशकात विंडोज आणि पेजमेकर आले आणि मराठी छपाईचा कायापालट झाला. शिळा, खिळे, फोटोटाईपसेटिंग हे सगळं मागे पडलं. एका खोलीत अंक तयार होऊ लागला. पण या प्रोग्रामांना इस्की समजत नव्हती. त्यांना फक्त इंग्रजी फॉन्ट ठाऊक, आणि फॉन्टमध्ये घरं २५६, त्यातलीही काही यंत्राच्या खुणांसाठी राखीव. मग प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. अर्धे क, अर्धे स, सुटा काना, तीन-चार मापांच्या वेलांट्या, रफार, आणि जागा उरली तर नेहमीची जोडाक्षरं. कुणी कुठला तुकडा कुठे ठेवायचा याचा काही करार नव्हता. श्रीलिपीची मांडणी वेगळी, आकृतीची वेगळी, सी-डॅकच्या सुरेख-योगेशची वेगळी, कृतिदेवची वेगळी. एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही फरक पडे.

म्हणजे या फाईलीत संगणकाच्या लेखी मराठी नव्हतीच. तिथे इंग्रजी अक्षरांची रांग होती आणि ती फॉन्टमुळे मराठी दिसत होती. फॉन्ट गेला की मराठी गेली.

इथे इम्युलेटरने अर्धं काम केलं. हार्ड डिस्क काढून तिची प्रतिमा घेतली, आणि ‘८६बॉक्स’ या इम्युलेटरमध्ये विंडोज ९८ पुन्हा उभं राहिलं. त्या काळच्या यंत्राची चिप, व्हिडिओ कार्ड, सगळं त्यात नकलून मिळतं. पेजमेकर उघडला, फॉन्ट होताच, आणि आजोबांनी लावलेली पानं जशीच्या तशी समोर आली. समासातली नक्षी, पदार्थांच्या नावांखालच्या रेघा, ओव्यांची दोन स्तंभांतली मांडणी, सगळं जागच्या जागी. अक्का पडद्यासमोर बसून राहिल्या आणि मोठ्याने एकेक नाव वाचू लागल्या.

इम्युलेटरची हद्दही इथेच कळते. त्या काळच्या बऱ्याच मराठी पॅकेजना चोरी टाळण्यासाठी संगणकाच्या मागे लावायचं एक कुलूप यायचं. बोटभर लांबीचा तो ठोकळा प्रिंटरच्या जागी खोचला नाही तर पॅकेज चालत नसे. त्याची नक्कल इम्युलेटरला सहसा जमत नाही. कुलूप हरवलं असेल तर विकत घेतलेलं पॅकेजही मुकं राहतं. म्हणून जुना संगणक भंगारात देण्याआधी त्याच्या पाठीमागे काय खोचलेलं आहे ते पाहून ठेवा.

आणि पान दिसलं म्हणजे मजकूर हाती आला असंही नाही. ते पान छापता येईल, त्याची पीडीएफ करता येईल. पण त्या पीडीएफमध्ये ‘ओवी’ शोधलं तर सापडणार नाही. परिच्छेद उचलून फोनवर पाठवला तर तोच काला पोचेल. दृष्टिहीन माणसाला वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यातून निरर्थक आवाज काढेल. पुष्कळ संस्था ‘आमच्याकडे पीडीएफ आहेत’ म्हणून निर्धास्त असतात. जुन्या फॉन्टची पीडीएफ म्हणजे मजकुराचा फोटो, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

वेलांटी आधी, अक्षर नंतर

मजकूर सोडवायचा तर फॉन्टचं कोष्टक लागतं. ते मिळालं नाही तर स्वतः बनवावं. पेजमेकरच्या एका पानावर ३३ पासून २५५ पर्यंतचं प्रत्येक चिन्ह आणि त्याचा आकडा लिहायचा, त्याला तो फॉन्ट लावायचा, पान छापायचं आणि पेन घेऊन प्रत्येक तुकड्यासमोर तो काय आहे ते लिहायचं. अवघड भाग त्यानंतरचा.

पहिली अडचण तुकड्यांची. अशा फॉन्टमध्ये ‘ण’ बहुधा अख्खा नसतो. अर्धा ण आणि एक काना मिळून तो होतो. मग ‘णा’ म्हणजे अर्धा ण आणि दोन काने. कोष्टकाने अर्ध्या ण पुढचा पहिला काना गिळायचा आणि दुसरा ठेवायचा. ‘ख’ आणि ‘श’चंही तसंच.

दुसरी अडचण क्रमाची. फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘स्थिती’ घ्या. जुन्या फाईलीत आधी ऱ्हस्व वेलांटी, मग अर्धा स, मग थ, मग त, मग दीर्घ वेलांटी. युनिकोडमध्ये स, हलन्त, थ, आणि त्यानंतर ऱ्हस्व वेलांटी. म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने वेलांटी उचलायची, पुढचं जोडाक्षर कुठे संपतं ते ओळखायचं आणि तिथे नेऊन ठेवायची. जोडाक्षर चार मजली असलं तरी. रफाराचा प्रवास याच्या उलट. ‘कीर्ती’मधला रफार जुन्या फाईलीत शेवटच्या वेलांटीच्याही नंतर येतो आणि युनिकोडमध्ये र म्हणून त च्या आधी जाऊन बसतो.

तिसरी अडचण खास मराठीची. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ यांतला डोळ्याच्या पापणीसारखा र हिंदीला लागत नाही. हिंदीसाठी लिहिलेले परिवर्तक त्याचा साधा रफार करून टाकतात आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. जुन्या मराठी मजकुरांतून आज सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. ‘ॲ’ या अक्षरालाही युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळालं ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी ते अ वर चंद्र देऊन लिहिलं जाई आणि अजूनही दोन्ही रूपं सापडतात. एक शोधलं तर दुसरं सापडत नाही, म्हणून रूपांतराच्या वेळीच ती एकसारखी करून घ्यावीत.

म्हणून यंत्राने रूपांतर केल्यावर मुद्रितशोधन आलंच. एका बाजूला इम्युलेटरमधलं मूळ पान, दुसऱ्या बाजूला युनिकोडचा मजकूर, आणि ओळीमागून ओळ. आजोबांची मराठी पुण्याची नव्हती. शब्दकोश ज्याला चूक ठरवेल ते त्यांच्या घरचं रूप असायचं. तिथे मी ‘सुधारायला’ गेले की अक्का थांबवायच्या: ‘आमच्यांत असंच म्हणतात.’ फाईलचं रूपांतर यंत्र करतं, पण बरोबर काय हे त्या भाषेत वाढलेलं माणूसच सांगू शकतं. आणि अशी माणसं कायमची आपल्यात राहणार नाहीत.

तमिळांनी काय केलं

हेच सगळं तमिळांनीही भोगलं आहे. एकार आणि ऐकाराची चिन्हं तमिळमध्ये अक्षराच्या डावीकडे येतात, त्यामुळे क्रमाची अडचण तीच; फॉन्टांची भाऊबंदकीही तीच. फरक पडला तो पुढे. १९९८ च्या पोंगलला स्वित्झर्लंडमध्ये राहणारे के. कल्याणसुंदरम यांनी प्राचीन तमिळ ग्रंथ संगणकावर आणून सर्वांना मोफत देणारा ‘प्रोजेक्ट मदुरै’ सुरू केला. ‘मयिलै’ हा फॉन्टही त्यांचाच. १९९९ च्या फेब्रुवारीत चेन्नईत तमिळनेट परिषद भरली. तिच्यातून कळफलक आणि फॉन्टची मांडणी यांविषयी शासनमान्य मानकं निघाली. जगभरच्या तमिळ मंडळींनी आपापसांत चर्चा करून टिस्की हे वेगळं मानकही ठरवलं होतं. दोन-तीन मानकं झाली, वादही झाले, पण फॉन्टांची झुंबड आटोक्यात आली. पुढे युनिकोड रुळल्यावर प्रोजेक्ट मदुरैने आपले ग्रंथ टिस्कीतून युनिकोडमध्ये आणले. चेन्नईच्या न्यू होरायझन मीडिया या प्रकाशनसंस्थेने तर बहुतेक सगळ्या जुन्या तमिळ मांडण्यांतून युनिकोडमध्ये नेणारा ‘एनएचएम कन्व्हर्टर’ मोफत वाटला. एका पुस्तक प्रकाशकाला हे आपलं काम वाटलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

मराठीकडे गुणवत्ता कमी नव्हती. इस्की आणि जिस्ट पुण्यात वाढले, श्रीलिपी पुण्याची, आणि विंडोजबरोबर जगभर गेलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशी यांच्या देखरेखीखाली मुंबईत घडला. केंद्र सरकारने २००९ साली ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवलं. नवं लिखाण युनिकोडमध्ये होऊ लागलं. मागे राहिलेलं आणायचं कुणी, हे मात्र ठरलं नाही. दिवाळी अंक कपाटात राहिले आणि त्यांच्या फाईली ज्या छपाईवाल्याकडे होत्या त्याने संगणक बदलला.

वेस्ट मांबलमच्या घरात आणखी एक काम उरलं होतं. आजोबांच्या नातीला मराठी बोलता येते. वाचता येतात तमिळ आणि इंग्रजी. तिला हा मजकूर तमिळ अक्षरांत हवा होता. युनिकोडमध्ये देवनागरी क चा क्रमांक २३२५ आणि तमिळ क चा २९६५. फरक ६४० चा. म चा फरकही ६४०, ळ चाही ६४०. म्हणजे प्रत्येक आकड्यात ६४० मिळवले की लिपी बदलावी. पण ख, ग, घ च्या जागी तमिळच्या कोष्टकात रिकामी घरं आहेत, कारण तमिळमध्ये ती अक्षरंच नाहीत. तिथे चौघांनाही क लिहावा लागतो. वाचताना मराठी कानाला ते कळतं. पण तमिळ अक्षरांतून पुन्हा देवनागरी करायला गेलं तर ख की ग हे सांगता येणार नाही. म्हणून देवनागरी प्रत मूळ म्हणून ठेवली, तमिळ प्रत तिच्यावरून काढली, आणि दोन्हींच्या आरंभी तसं लिहून ठेवलं. पुढच्या माणसाला कुठली प्रत प्रमाण, हे कळलं पाहिजे.

आपल्या घरी, आपल्या अंकाकडे

हे काम करायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. क्रम पाळावा लागतो. आधी माध्यमाची प्रतिमा काढा. जुना फॉन्ट आणि जुनं पॅकेज जपून ठेवा. फॉन्टशिवाय फाईल म्हणजे किल्लीशिवाय पेटी. इम्युलेटरमध्ये पान उघडून त्याची पीडीएफ करून ठेवा, म्हणजे ताडून पाहायला मूळ राहील. लिब्रेऑफिस हा मोफत प्रोग्रामही पेजमेकरच्या शेवटच्या काही आवृत्त्यांच्या फाईली उघडतो, तो आधी वापरून पाहा. मग मजकूर युनिकोडमध्ये आणा, घरातल्या जाणत्या माणसाकडून वाचून घ्या, आणि साध्या मजकुराची एक प्रत वेगळी ठेवा. साध्या मजकुराला कुठलंच पॅकेज लागत नाही. आपल्या मालकीच्या प्रोग्रामची सुरक्षिततेसाठी प्रत करायला १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये मोकळीक आहे, तेव्हा तेवढ्यासाठी बिचकायचं कारण नाही.

घाई मात्र करायला हवी. सोनीने फ्लॉपी बनवणं २०११ सालीच थांबवलं. २००० च्या आसपासच्या मदरबोर्डांवरचे कपॅसिटर फुगून फुटताहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ ची. आणि कुठल्या फॉन्टमध्ये कुठलं जोडाक्षर कुठे होतं हे ज्यांच्या बोटांना पाठ आहे, ते डीटीपीवाले आता निवृत्त होत आहेत. यंत्राची नक्कल करता येते, त्या माणसांच्या स्मरणाची करता येत नाही.

दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि प्रकाशकांना माझी विनंती आहे. आपल्या छपाईवाल्याकडे या महिन्यात जा आणि २००८ पूर्वीच्या अंकांच्या फाईली फॉन्टसकट मागून घ्या. ज्या मराठी शासकीय संस्था कोश आणि ग्रंथ छापतात, त्यांनी जुन्या प्रमुख फॉन्टांची कोष्टकं एकत्र करून, पापणीच्या र सकट बरोबर चालणारा एक मोफत परिवर्तक सर्वांना द्यावा. ज्या कंपन्यांनी ते फॉन्ट बनवले त्यांनी आपली कोष्टकं खुली करावीत; आता त्यात व्यापाराचं गुपित काही उरलेलं नाही. आणि वाचकहो, तुमच्या घरी कुणी आई, आजोबा, मामा संगणकावर काही लिहून गेले असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत तो खोका भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडा.